सफरबरलिक

कोशकार वहीब खेचरावरून उतरला
तेव्हा बहीजा अंगणात मसूर निवडत होती.
सुपावरून नजर न काढता म्हणाली,
शब्द गोळा करत हिंडतोस म्हणे. भाव काय देतोस?

होम्सच्या पश्चिमेचे डोंगर. साल एकसष्ट.
त्यानं खिशातून कार्ड काढलं,
पेन्सिल जिभेवर ओली केली.
सफरबरलिक, तो म्हणाला. नाम. तुर्की अमदानीतलं.
सक्तीची लष्करभरती.
फोड त्याला तोंडपाठ:
सफर म्हणजे प्रवास, आणि स्वारीसुद्धा.
बर हा फारसी, वाहून नेणारा
(आपल्या भाराचा लांबचा भाऊ,
पण वहीबला ते ठाऊक असायचं कारण नाही).
लिक ही तुर्की शेपटी.
ती लागली की माणसाची अवस्था होते.

आपल्याकडे सफर आली ती
डबा आणि सतरंजी घेऊन.
तिथे ती ढोल घेऊन आली.

बहीजा हसली. कोणी शिकवलं तुला?
बर म्हणजे जमीन, लेका. कोरडी वाट.
गलबतानं नाही, पायी नेलं त्यांना,
म्हणून सफर-बर.
आणि लिक?
लिक म्हणजे दोरी असेल.
दोरी आणली होती त्यांनी.

ढोल वाजला तेव्हा ती सात वर्षांची,
तुतीच्या झाडावर, बोटं जांभळी.
मुख्तारनं कागद वाचला.
त्यातला हा एकच शब्द कुणालाही कळला नाही
आणि तो ऐकूनच सगळे घराकडे पळाले.

बदल हाही शब्द घे तुझ्या कार्डावर, ती म्हणाली.
(आपण बदली करतो, बदला घेतो, तोच हा.)
बदल म्हणजे पोराऐवजी सोनं.
तुतीची बाग विकली तर एकाचा बदल होत होता.
घरात मुलगे दोन.
कोण जाणार ते बापानं रात्रभर ठरवलं,
म्हणजे रात्रभर एका जोड्याला तेल चोळलं
आणि उजाडताना तो शाहीनच्या उशाशी ठेवला.

मिलहिम राहिला. अकरा महिने
त्यानं कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.
मग टोळ आले. मग शिपाई परत आले.
म्हणाले, तो बदल मागच्या वर्षाचा होता.

आणि त्यानंतरचं?
त्यानंतरचंही सफरबरलिकच, लिही.
आई घोड्यांच्या लिदीतून जव वेचायची,
सात पाण्यांनी धुवायची, दळायची.
त्या भाकरीचं नाव सफरबरलिक.
शेजारचं घर आतून कडी लावून गप्प झालं,
त्याचंही तेच.
चार वर्षं धान्य पुरलं नाही, शब्द पुरला.

वहीबनं ‘भरती’ खोडलं, ‘काळ’ लिहिलं.
‘काळ’ खोडलं, तिथे ‘भूक’ लिहायला गेला
तर कार्ड फाटलं.
दुसरं काढलं त्यानं. त्यावर काही न लिहिता
विचारू नये ते विचारलं: परत कोणी...?

शाहीनचं पत्र आलं होतं एक, कालव्याकाठून.
अक्षर दुसऱ्याचं, त्याला कुठे येत होतं लिहिता.
सगळे खुशाल ना, विचारलं होतं,
आणि यंदा आपल्या तुतीला बहर कसा आहे.

मसुरातला खडा तिनं अंगठ्यानं उडवला.
बापानं ते पत्र वाचायला
पुन्हा कुणाला दिलं नाही.

वहीब निघाला तेव्हा शेळीनं
सुपात तोंड घातलं.
बहीजानं वहाण भिरकावली:
मर मेले, सफरबरलिकला जा!
तो उंबऱ्याशीच थांबला, गुडघ्यावर कार्ड ठेवून
घाईघाईनं लिहू लागला:
शिवी. हल्ली फक्त जनावरांना.

शेळी कुंपणापर्यंत गेली,
थोडा वेळ उभी राहिली,
आणि परत आली.